पाण्याच्या खोलीची किल्ली

माझी मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी थोरली बहीण. पण तिला मावशी म्हणणारे माझ्याशिवाय शेकडो होते. इस्पितळातल्या आयांना सगळेच मावशी म्हणतात, आणि विसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत तिने तेच काम केलं. त्यातली पहिली नऊ वर्षं बेटावर.

आमच्या शहरासमोर समुद्राचं उथळ पाणी वाळूच्या लांबलचक पट्ट्याआड अडून राहिलं आहे. त्यात सात-आठ बेटं आहेत. एकावर जुन्या राजवटीचं दारूकोठार, एकावर जहाजांचे दोर वळायचा कारखाना, आणि सगळ्यात लांबच्या बेटावर साथीच्या रोग्यांचं इस्पितळ. ते बंद पडून पन्नासहून जास्त वर्षं झाली. मावशी तिथे कपडे धुवायची. भल्या मोठ्या कढईत सोडा घालून चादरी उकळायच्या आणि लाकडी दांड्याने ढवळायच्या, हे तिचं काम. बेटावर गोडं पाणी नव्हतं. पिण्याचं पाणी शहरातून बोटीने पिंपांत भरून यायचं, त्यामुळे कपडे धुणं खाऱ्याच पाण्यात. चादरी वाळल्या की इतक्या कडक व्हायच्या, की पेशंट म्हणायचे, मावशी, आम्हाला पत्र्यावर निजवलंस.

असल्या गोष्टी ती हसत हसत सांगायची. शेवटच्या साथीचा विषय निघाला की मात्र "ते जाऊ दे" म्हणून उठायची आणि उगाच काहीतरी घडी घालायला घ्यायची. आम्हीही कधी खोदून विचारलं नाही. म्हातारपणी ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या हातांची कातडी खवल्यांसारखी झालेली होती. रोज झोपण्याआधी ती त्यांना तेल चोळायची आणि ज्याच्या-त्याच्या तब्येतीची चौकशी करायची. आजारी माणूस दिसला की तिला बरं वाटायचं, असं माझा नवरा चेष्टेने म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी धक्क्यावर एक नवा फलक लागला. तीन ऐतिहासिक बेटं, चार तास, सोबत गाइड, सगळ्यांत कमी दरात. बेटांवर एरवी कोणाला उतरू देत नाहीत. परवानगी तेवढी या सहलवाल्यांना मिळालेली होती. मी सहज घरी बोलून गेले. मावशी तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती, गुडघे कामातून गेलेले. ती म्हणाली, "बसायला जागा देतात ना? उभं राहिलं की माझे पाय सुजतात."

"तुला यायचंय?"

"तू नेणार असलीस तर."

बोट म्हणजे मासेमारीचीच जुनी बोट, वर निळी ताडपत्री, खाली दोरीने एकमेकींना बांधलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. स्वस्तात सहल म्हणजे त्यात काय काय नसणार, याची यादी गाइडने निघतानाच गमतीने वाचून दाखवली. गाइड तिशीचा असेल, बोलका, आवाजात माया असलेला. मावशीला त्याने स्वतः हात धरून चढवलं, पुढची सावलीतली खुर्ची दिली आणि म्हणाला, "आजी, काही लागलं तर मला सांगा. बोट वळवायची मात्र नाही." मावशी हसली. मला तो मुलगा आवडला, हे आधीच सांगून ठेवते.

प्रत्येक बेटावर वीस मिनिटं. दारूकोठारापाशी मावशी उतरली नाही. दोरांच्या कारखान्यापाशीही नाही. तिसऱ्या बेटाचा धक्का दिसायला लागला तशी ती खुर्चीच्या काठावर येऊन बसली. बोट लागायच्या आतच तिने माझा दंड पकडला होता.

इस्पितळाचं छप्पर अर्धं खाली आलेलं. ओसरीवर वेली चढलेल्या, भिंतींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापली नावं कोरलेली. मावशी न अडखळता डावीकडे वळली, कपडे धुवायच्या दालनाकडे. कढई गेलेली होती, चुलीचा गोल ओटा तेवढा शिल्लक होता. तिने त्यावर हात ठेवला आणि "एवढुसा होता होय" असं काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात पलीकडून भोंग्यातून गाइडचा आवाज आला. माणसं एका बंद खोलीच्या दारासमोर गोळा झाली होती.

"मंडळी, ही पाण्याची खोली," गाइड सांगत होता. "शेवटच्या साथीत तेरा दिवस शहरातून बोट आली नाही. डॉक्टर आधीच निघून गेलेले. चाळीसएक रोगी आणि एक नर्स. या नर्सने पाणी या खोलीत कोंडलं आणि किल्ली गळ्यात घातली. माणसं दारावर नखं घासत मेली, हे ओरखडे बघा. तिने दार उघडलं नाही. शेवटी ती स्वतः मेली, तरी किल्ली मुठीत तशीच. आजही कोणी इथे तहानेचं नाव काढलं की किल्ल्यांचा आवाज येतो म्हणतात."

दोघी-तिघी मुली एकमेकींना चिकटल्या. कोणीतरी मुद्दाम "फार तहान लागली बुवा" म्हणालं आणि हशा पिकला.

मावशी गर्दीतून पुढे झाली. "खोटं आहे हे," ती म्हणाली.

गाइडला अशांची सवय असणार. तो नम्रपणे म्हणाला, "आजी, थोडा मसाला आम्ही घालतो. पण किल्लीची गोष्ट खरी आहे. चौकशी झाली होती. सरकारी अहवालात आहे. इथल्या कामवालीने साक्ष दिली आहे."

"ती कामवाली मी."

तीन-चार जणांनी फोन वर केले. मी तिचा हात ओढला, पण तिने तो सोडवून घेतला. पन्नास वर्षं जे आमच्यापैकी कोणाला सांगितलं नाही, ते तिने त्या अनोळखी माणसांसमोर, भरल्या उन्हात, जेमतेम पाच मिनिटांत सांगून टाकलं.

त्या नर्सला सगळे धाकट्या सिस्टर म्हणायचे. बोट येणार नाही हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा जे रोगी चालू शकत होते ते पिंपांवर तुटून पडले. एक पिंप सांडलं. म्हणून सिस्टरांनी खोलीला कुलूप लावलं आणि औषधाच्या पेल्याने मोजून पाणी द्यायला सुरुवात केली. ज्यांना उठवत नाही त्यांना आधी, चालत्या-फिरत्यांना नंतर, स्वतःला आणि मावशीला सगळ्यांत शेवटी. रोज सकाळी दोघी गच्चीवर जाऊन लाल चादर हलवायच्या. शहरातून ती दिसत असणार. दहाव्या दिवशी सिस्टर तापाने पडल्या. त्यांनी किल्ली मावशीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, मापात चूक करू नकोस.

"दुसऱ्या दिवशी त्या गेल्या," मावशी म्हणाली. "मागे पुरलं मी त्यांना, एकटीने. मग मी दार लावून आत बसले. मी घाबरले होते. बाहेर माणसं दार वाजवत होती आणि मी आत पाण्याजवळ बसून होते. दोन दिवस मी कोणाला पाणी दिलं नाही. मी प्यायले. बोट आली तेव्हा दार उघडलं."

तिने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"चौकशीच्या साहेबांनी विचारलं, किल्ली कोणाकडे होती? मी म्हटलं, सिस्टरांकडे. त्यांनी टाइप करून आणलं, मी सही केली. साहेबांनाही तेच हवं होतं. वाचलेल्या रोग्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि बोट का नाही पाठवली, हेही मग कोणी विचारलंच नाही."

एक चष्मेवाला गृहस्थ पुढे आला. चिडलेला नव्हता, नुसतं कुतूहल. "किती माणसं मेली त्या दोन दिवसांत?"

"सहा," मावशी म्हणाली. सहाही जणांच्या खाटा कुठे होत्या, ते तिने हात करून दाखवलं.

बोटीचा भोंगा वाजला. वीस मिनिटं संपली होती. सिस्टरांना कुठे पुरलं ते तिला बघायचं होतं, पण मागच्या बाजूला काटेरी झुडपांचं रान माजलेलं, आणि गाइड घड्याळ दाखवत म्हणाला, "आजी, भरती आहे, बोट थांबणार नाही." परतताना त्याने तिला हात दिला नाही. मीच चढवलं. तिच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

घरी आल्यावर मी तिच्याशी नीट बोलू शकले नाही, हे कबूल करायला हवं. जिने माझ्या आईच्या बाळंतपणात आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस उसंत घेतली नाही, तिच्याकडे मी चोरून बघायला लागले. ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवताना माझा हात अडखळायचा. तिच्या ते लक्षात आलं. ती स्वतःचं पाणी स्वतः उठून घ्यायला लागली.

महिनाभराने ती म्हणाली, "मला लिहून द्यायचंय. तू लिही, मी सही करते."

मी लिहिलं. सिस्टरांचा दोष नव्हता, किल्ली शेवटचे दोन दिवस माझ्याकडे होती, सहा मृत्यू माझ्यामुळे झाले, सिस्टरांवरचा ठपका काढावा. आम्ही दोघी ते घेऊन आरोग्य खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने दोनदा वाचलं आणि मावशीला बसायला स्टूल दिलं. मग कपाटात बघून आला. मूळ अहवाल जुनी कागदपत्रं रद्दीत काढली तेव्हा नष्ट झाला होता. उरला होता तो एका पानाचा गोषवारा. त्यात नर्सचं नाव होतं. कामवालीचं नावच नव्हतं, नुसतं "एक स्त्री कर्मचारी".

"ती तुम्हीच, हे सिद्ध कसं करणार?" तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. "आणि आता करून काय उपयोग, मावशी?"

त्यानेही तिला मावशीच म्हटलं. अर्ज घेतला, शिक्का मारला. उत्तर आजतागायत आलेलं नाही.

बेटावरचा व्हिडिओ मात्र फिरला. लोकांनी खाली काय काय लिहिलं ते मी तिला वाचून दाखवलं नाही. शेजारच्या बाई औषधाच्या गोळ्या विचारायला येत, त्या यायच्या बंद झाल्या. मावशीने त्यांची दोनदा वाट पाहिली, मग पाहणं सोडलं.

पुढच्या हंगामात मी एकटीच पुन्हा त्या सहलीला गेले. वाटलं, निदान सिस्टरांची गोष्ट तरी बदलली असेल. तोच गाइड होता, त्याने मला ओळखलं नाही. पाण्याच्या खोलीसमोर तो सांगू लागला, "मंडळी, या नर्सची एक साथीदार होती. दोघींनी मिळून पाणी कोंडलं. आणि ऐका, ती साथीदार अजून जिवंत आहे, याच शहरात. मागच्या वर्षी ती स्वतः इथे, या जागी येऊन उभी राहिली होती." माणसांनी मागे वळून पाहिलं.

मी सगळं संपल्यावर त्याला गाठून म्हटलं, "त्या बाईंनी तर सांगितलं होतं, नर्सने सगळ्यांना मोजून पाणी दिलं."

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "एक-दोनदा तसं सांगूनही बघितलं मी. लोक ऐकत नाहीत हो, पुढे चला म्हणतात."

घरी आले तेव्हा मावशी खिडकीशी बसली होती. मी कुठे गेले होते ते तिला ठाऊक होतं. तिने विचारलं, "काय सांगतात आता?"

मी जसंच्या तसं सांगितलं. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी तिथे जाऊन सिस्टरांचं काही भलं केलं नाही."

"नाही," मी म्हटलं.

त्याच वर्षी, थंडी संपता संपता, ती गेली. शेवटचे चार दिवस तिला गिळता येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चमच्याने थेंब थेंब पाणी द्या. मी चमचा ओठांना लावला की ती तोंड फिरवायची. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.