सुमनताईंचा तक्ता

सकाळी सातला फाटक वाजलं की आमच्या घरात कुणी घड्याळ बघत नसे. शेजारच्या सुमनताई वानखडे स्वतःचं वजन करायला आलेल्या असत. काटा त्यांचाच, पण मुक्काम आमच्या ओट्यावर. त्यांच्या अंगणात फरशी नव्हती आणि काटा जरा कलला की खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. चपला काढून त्या काट्यावर ताठ उभ्या राहत आणि आकडा मी वाचायचा. मी डोणगावच्या शाळेत गणित शिकवतो, पण मला आकडा नीट वाचता येतो यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "पुन्हा पाहा, सर," हे रोजचंच.

ताईंनी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातली निम्मी तरुण मंडळी त्यांच्या टांगत्या काट्याच्या झोळीत रडलेली आहेत. प्रत्येक लेकराचा त्यांच्याकडे तक्ता असे. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे आजच दवाखाना. कुणी पाया पडायला वाकलं की त्या पाय मागे घेत. "माणसानं माणसाच्या पायाले लागू नये. लेकराले घेऊन ये, वजन करू."

निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. अकोल्याला केमो सुरू झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, की केमोबरोबरचं एक औषध गाठीवर चांगलं चालतं, पण काहींच्या हृदयाला थकवतं. म्हणून दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि घरी रोज वजन. धाप लागली, पाय सुजले किंवा अंगात पाणी साठून वजन एकदम वाढलं, तर लगेच फोन. हृदय दमलं तर औषध थांबवावं लागेल. ताईंना भीती होती ती याचीच. केस गेले तेव्हा "तेल वाचलं" म्हणून हसणारी ही बाई इकोच्या आदल्या दिवशी जेवत नसे. इलाज अर्ध्यात सुटला तर काय, एवढंच त्यांच्या डोक्यात.

त्यांनी माझ्याकडून आलेखाचा कागद मागून घेतला, तीन रंगांच्या पेन्सिली आणल्या आणि स्वतःचा तक्ता केला. 'बालकाचे नाव: सुमन. वय: पासष्ट.' आईच्या नावापुढे माझ्या बायकोचं, मीनाचं नाव घातलं. मीना त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण तिने ही जबाबदारी मुकाट्याने घेतली.

केमोने तोंडाची चव गेली. रेघ खाली उतरत गेली तशा ताई चिडचिड्या झाल्या. आणि एका आठवड्यात रेघ अचानक वर चढली. तीन दिवसांत दोन किलो. डॉक्टरबाईंचं बोलणं तेव्हा आठवायला हवं होतं. पण लेकराचं वजन वाढलं की टाळ्या वाजवण्यात जिची अठ्ठावीस वर्षं गेली, तिला वर गेलेली रेघ संकट कशी वाटणार? त्यांनी गल्लीभर जिलेबी वाटली. मीही ती खाल्ली, वर शाबासकी दिली. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्या अनवाणी आल्या. चप्पल आवळते म्हणाल्या. मीना म्हणाली, "चप्पल तर जुनीच हाये, ताई. आताच काऊन आवळते?"

ताई पायरीवर बसल्या. घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. सुजलेल्या लेकराचं वजन खरं धरायचं नसतं, हे गावातल्या सगळ्या आयांना त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, लाल पेन्सिल द्या. हे लेकरू लाल पट्ट्यात हाये."

रंगवून झाल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. मग फोन, गाडी, अकोला. हृदयाचा जोर खरंच कमी झाला होता. औषध थांबलं, गोळ्या सुरू झाल्या. वेळेत आलात, पुन्हा सुरू करता येईल असं वाटतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या 'वाटतं'वर आम्ही दोन महिने काढले. जिलेबीची गोष्ट ताईंनी स्वतःहूनच त्यांना सांगून टाकली. "वाढलं म्हंजे बरं, हे डोक्यात बसलं होतं, म्याडम. आता वाढलं तरी सांगीन, घटलं तरी सांगीन." डॉक्टरबाईंनी हसत हसत तक्त्याचा फोटो काढून घेतला. तेव्हापासून आकडा वाचून झाला की रोज त्यांचा घोटा दाबून बघायचं कामही माझ्याकडे आलं.

पुढच्या इकोत हृदय सावरलेलं दिसलं. औषध पुन्हा सुरू झालं आणि पूर्णही झालं. शेवटचा चौकोन हिरवा करताना ताईंनी पेन्सिलीचं टोक मोडलं. जिलेबी पुन्हा वाटली गेली, पण या वेळी सगळ्यांनी आधी त्यांचे पाय बघितले.

मागच्या हिवाळ्यात त्या लेकीकडे संग्रामपूरला कायमच्या राहायला गेल्या. बसस्टँडवर मीना रडली, मी पिशव्या मोजत राहिलो. शेवटी मला राहवलं नाही. मी वाकलो, आणि सवयीने माझा अंगठा त्यांच्या घोट्यावर दाबला गेला. खड्डा पडला नाही.

वरून आवाज आला, "सर, पाया पडून राह्यले का तपासून राह्यले?"

"दोन्ही," मी म्हणालो.

पाय त्यांनी मागे घेतला नव्हता.