दाण्यांचा वास घेणारे काका

"आधी वास घ्या," म्हणत काका मूठभर शेंगदाणे थेट समोरच्याच्या नाकाशी धरायचे. मग तो पाहुणा असो, की सोसायटीचा चेअरमन. तेलाच्या कारखान्यात दाणे तपासण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. निवृत्तीनंतर ते आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहून बागेतल्या पाखरांना खाऊ घालत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम सुटतं, नाक सुटत नाही.

मी तेव्हा खराडीच्या एका आयटी कंपनीत नवा होतो. ऑफिसच्या पार्टीत उरलेले खारे दाणे मी एकदा कौतुकानं त्यांच्या पाखरांच्या ताटलीत ओतले. काकांनी एक दाणा चाखला.

"वा! ब्लडप्रेशरच्या गोळ्याही आणल्यात का आपण पाखरांसाठी?"

ताटली धुतली गेली आणि माझी शिकवणी सुरू झाली. मीठ नको, मसाला नको, ओलसर दाणा नको. "खवट लागला तर आपण थुंकतो. बुरशीचं विष इवल्याशा जीवाला कितीसं लागणार, सांगा?"

मी निष्ठेनं ताजे, बिनमिठाचे दाणे घालू लागलो. माझ्या खोलीत एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक ठेवलेलं होतं. एसी आला नव्हता, साळुंक्या आल्या होत्या. एका रविवारी त्यांचं पिल्लू भोकाच्या तोंडाशी चोच वासून बसलेलं दिसलं. आवाज फुटत नव्हता. घशात काहीतरी अडकलं होतं. त्याला ओंजळीत घेऊन मी धावत खाली गेलो.

"अगं, तुझा भुवयांचा चिमटा दे!" काका ओरडले. काकूंनी टॉर्च धरला, मी पिल्लू. दोनदा चिमटा निसटला. तिसऱ्यांदा अख्खा दाणा बाहेर आला. पिल्लानं श्वास घेतला आणि पहिलं काम काय केलं, तर काकांच्या बोटाला कडकडून चोच मारली.

काका हसले. डोळे मात्र भरले होते. आता आपली धडगत नाही, म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "पिल्लांच्या दिवसांत भरडून घालायचे, हे सांगायचं राहिलं."

काकू टॉर्च विझवत म्हणाल्या, "चाळीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकतेय मी."

पिल्लू भोकात परत गेलं, आठवड्याभरात उडालंही. पुढे काका-काकू मुलीकडे नाशिकला राहायला गेले. ताटली माझ्या हवाली झाली. मी रोज ऑफिसच्या आधी दाणे भरडून बागेत ठेवायचो. पण पहिले कितीतरी दिवस साळुंक्या तिकडे फिरकल्याच नाहीत. काकांच्या बंद खिडकीच्या गजांवर ओळीनं बसून त्या आत डोकावत आणि जोरजोरात भांडत होत्या.