जुन्या कळा

एकतीस वर्षं अक्षरजुळणी केलेल्या बाईंची नजर गेल्या दोन वर्षांत पार गेली होती, पण छापखान्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. घरी धाकटी बहीण मजकूर वाचायची आणि बाई बोटांच्या सवयीनं जुन्या कॉम्प्युटरवर बिनचूक टाइप करायच्या.

मग छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "बाई, तुमच्या फाइली आता आमच्याकडे उघडत नाहीत. नवी सिस्टिम टाकून घ्या."

नव्या सिस्टिमवर त्यांचा टायपिंगचा प्रोग्राम चालणार नव्हता, आणि नव्या प्रोग्राममध्ये जवळजवळ प्रत्येक अक्षराची कळ वेगळी होती.

"मी टाइप करेन की, ताई," बहीण म्हणाली.

"आणि मी काय करू? भिंतीकडे बघत बसू? तीही दिसत नाही मेली."

"निदान त्यांना खरं तरी सांग."

"हेकट म्हणाले तरी चालेल. आंधळी म्हणायला नको."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन करून सिस्टिम बदलणार नसल्याचं कळवलं. मालक इतक्या चटकन "बरं" म्हणाले, की बाईंचा हात फोनवर तसाच राहिला.

टाइप करायला घेतलेलं पुस्तक आता कुणाला पाठवायचं नव्हतं. तरी त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या.

"वाच," त्या बहिणीला म्हणाल्या. "काल अर्ध्या वाक्यावर थांबलो होतो."