काकूंचा घुमारा

मानवतला एसटी स्टँडच्या मागे शिवकांताकाकूंची पिठाची गिरणी होती. काकूंना दुखवायचं असेल तर आधी घरातला सण उरकून घ्यावा, हे तिथे दळण नेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्याने दुखवलं त्याचा गव्हाचा डबा काकू एक शब्द न बोलता ज्वारीच्या दळणामागे लावायच्या. गिरणीत राहिलेली ज्वारी गव्हात उतरायची आणि त्या घरची पुरणपोळी पाहुण्यांसमोर पोळपाटावरच फुटायची. बायका समजायचं ते समजायच्या. कुणी धीर करून विचारलंच तर काकू भुवईवरचं पीठ पुसत म्हणायच्या, "गहूच तसा आसंल माय. मी काय गव्हाच्या पोटात शिरून बघितलं का?"

माझं कॅसेटचं दुकान त्यांच्या गिरणीला लागून. लोक कोऱ्या कॅसेट आणायचे आणि मी त्यांना हवी ती गाणी भरून द्यायचो. गिरणीचा पट्टा सुरू झाला की माझ्या दुकानातल्या काचा थरथरायच्या, आणि त्या आवाजावर काकूंचा आवाज चढायचा. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच गिरणी चालवायच्या. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि वर डोक्यापासून पायापर्यंत पीठ. गिरणीच्या खडखडाटात त्या शिवाची भजनं म्हणायच्या, स्वतः जुळवलेली. गिरणी बंद पडली की भजनही थांबायचं.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "डबा रांगेला लावून ठिवायचा. नंबर येतो." दळणाची घाई करणाऱ्याला हेच, कोर्टकज्ज्यात अडकलेल्याला हेच, आणि कुणाचा सूड मनात धरला असेल तर स्वतःलाही हेच. अमक्याचा डबा रांगेत आहे असं त्या म्हणाल्या की मी त्या अमक्याची काळजी करायला लागायचो.

रांगेतला सगळ्यात मोठा डबा वीरभद्रप्पांचा. अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत. गावातल्या लिंगायत मठाच्या भजनी मंडळाचे ते अध्यक्ष, मुख्य गायक आणि तिथल्या माइकचे मालक. हैदराबादहून त्यांनी इकोचं मशीन आणलं होतं. त्याची बटणं फिरवली की त्यांचा साधा आवाज डोंगरातून आल्यासारखा घुमायचा. गावाला वाटायचं, काय गळा आहे! मला मात्र मशीनवाल्या गळ्याची किंमत ठाऊक होती, कारण तो माझा धंदाच होता.

श्रावणातल्या एका सोमवारी भजनाला मठ भरला होता. बायकांनी आग्रह करून काकूंना उभं केलं. काकूंनी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि अप्पांनी हसत हसत त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. म्हणाले, "बाई, तुमचा आवाज पिठासारखा कोरडा हाय. मशीन लावलं तरी उडून जाईल." मठ हसला. मीही त्या गर्दीत होतो, आणि मला अजून त्या हसण्याचा राग येतो. काकू खाली बसल्या नाहीत. पदर सावरून सरळ बाहेर पडल्या, चपला घातल्या, आणि मागे आलेल्या मला म्हणाल्या, "दिगंबर, त्याचा डबा लागला बघ."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या. "मला इको पायजे. त्याच्याहून चांगला. मला गायचंय, अन् त्याच्या कानावर आदळंल असं गायचंय."

मी परभणीहून भाड्याने एक यंत्र आणलं. काकूंना माइकसमोर बसवून एकेक बटण फिरवून दाखवलं. पहिला इको ऐकून त्या म्हणाल्या, "मी एकदा म्हणावं अन् ह्यानं तीनदा म्हणावं. ह्यो माझी सासू हाय का?" दुसरा ऐकला आणि म्हणाल्या, "ह्यो स्टँडवरचा. आता परभणी गाडी लागली म्हणंल." तिसऱ्याला तर त्यांनी पुरतं वाजूही दिलं नाही. "पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवायलास व्हय रे?" मला थोडा राग आला. पण त्या उठता उठता जे बोलल्या ते खरं होतं. "मशीन त्याच्याकडं बी हाय. मशीननं मशीनला हरवून काय फायदा? मला जागा पायजे. जिथं आवाज टाकला की जागा आपणहून वापस देती, अशी जागा बघ."

मग आम्ही जागा धुंडाळू लागलो. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात गेलो. तिथे घुमारा होता, पण वरचे पत्रे वाऱ्याने वाजत होते. चारठाण्याला जुन्या देवळात गेलो. दगडी गाभाऱ्यात काकूंनी एकच सूर लावला आणि तो इतका सुंदर परतला की माझ्या अंगावर काटा आला. काकूंनी मान हलवली. "ह्यो घुमारा देवाचा हाय. देवाला आपल्या भांडणात कामून वढायचं?" पूर्णेला रेल्वेच्या पुलाखाली उभे राहिलो, तर गाणं सुरू होताच मालगाडी वरून गेली आणि काकूंनी त्या मालगाडीला जे ऐकवलं ते कॅसेटवर आलं. ते मी पुसलं नाही. मन उदास झालं की अजून ऐकतो.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांचे आणि बंदचे. कधी गाड्या थांबायच्या, कधी बाजार. अशाच एका बंदच्या दिवशी सगळं गाव चिडीचूप होतं. जिन बंद, मोंढा बंद, गिरणीही बंद. दुपारी काकू माझ्या घरी आल्या. मठात प्रसादाचं पीठ पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून मठाची एक किल्ली कायम त्यांच्या कनवटीला असायची. ती दाखवून म्हणाल्या, "तुझं रेकॉर्डिंगचं सामान घे. चल."

मठातल्या मोठ्या दालनाला आदल्या दिवशीच चुना दिला होता. त्यासाठी सतरंज्या, भिंतीलगतची धान्याची पोती, लाकडी कपाटं, सगळं बाहेर काढलेलं. बंदमुळे मिस्त्री आले नव्हते आणि सामान अंगणातच पडून होतं. उंच छत, खाली शहाबादी फरशी, कोऱ्या पांढऱ्या भिंती. मी मशीन ठेवलं त्याचा नुसता ठोका दालनभर फिरून आला. आजवर आम्ही हे दालन फक्त भरलेलं पाहिलं होतं. माणसं आणि पोती आवाज पिऊन टाकतात. ते रिकामं असताना काय बोलतं हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, अध्यक्षांनाही नाही.

ज्या जागी अप्पांनी माइक काढून घेतला होता, बरोबर तिथे काकू उभ्या राहिल्या. डोळे मिटले नाहीत, समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत गायल्या. तो कोरडा आवाज सुटला, भिंतींना लागला आणि भरून परत आला. आपल्याच आवाजाची वाट बघत त्या पुढची ओळ उचलत होत्या. गाणं संपलं तेव्हा मी रडत होतो. काकू म्हणाल्या, "रडतो काय? भरलं का नीट ते बघ."

कॅसेट चालली. आधी स्टँडवरच्या हॉटेलात, मग घराघरात, मग सेलू, जिंतूर, गंगाखेडहून लोक मागायला येऊ लागले. महिनाभरात अप्पा माझ्या पायरीवर उभे. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "दिगंबर, कोणचं मशीन वापरलं?" मी म्हणालो, "मशीन न्हाई अप्पा, जागा हाय." अप्पांचे डोळे चमकले. "कुटं?"

मी काकूंना विचारलं. काकूंनी गिरणी थांबवली. कुणाचं दळण अर्ध्यावर असताना त्यांनी गिरणी थांबवलेली मी तेवढी एकदाच पाहिली. "सांगायचं न्हाई. हिंडव त्याला."

मी हिंडवलं. मोठ्या आनंदाने हिंडवलं. अप्पा टाळ घेऊन जिनच्या गोदामात गेले, पूर्णेच्या पुलाखाली गेले. एका विहिरीत उतरून गायले आणि सर्दीने आठवडाभर अंथरुणात पडले. चारठाण्याला तर ते पेटीवाला, तबलावाला घेऊन गेले होते. परत आले की माझ्याकडे यायचे. "न्हाई रे, तसं येईना." मी म्हणायचो, "मंग जागा दुसरी आसंल." दर सोमवारी भजनाला ते त्याच दालनात, त्याच जागी उभे राहायचे, आणि मी मागे बसून काकूंकडे बघायचो. काकू मान खाली घालून टाळ वाजवत असायच्या.

पण काकूंना एक धास्ती लागली. एकदा म्हणाल्या, "वरसाला चुना तर देतेतच की मठाला. एक दिस रिकाम्या मठात ह्यो नुसता खोकला तरी समजंल त्याला." त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या आणि मठाला दान जाहीर केलं. चारी भिंतींना छतापासून जमिनीपर्यंत जाड मखमली पडदे, आणि खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. गावाने तोंडात बोटं घातली. एवढ्या अपमानावर एवढं मोठं मन! खुद्द वीरभद्रप्पांनी त्यांचा सत्कार केला, शाल घातली, आणि दारापाशी काकूंच्या नावाची पितळी पाटी लावली. काकूंनी सगळ्यांना "शरणार्थ" म्हटलं आणि गिरणीवर आल्या. मी विचारलं, "काकू, पाटल्या कामून मोडल्या?" तर म्हणाल्या, "हात हलके झाले. गहू उचलायला बरं."

पडदे लागले आणि दालनाचा आवाज मेला. मशीन लावूनही अप्पांचं भजन गोधडीतून ऐकू यावं तसं यायला लागलं. लोक म्हणू लागले, अप्पांचा आवाज बसला. अप्पांनी दुसरं मशीन आणलं, मग तिसरं. पडद्यांचा मात्र त्यांना संशय आला नाही. मखमलीचा त्यांना फार अभिमान होता. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते हात लावून बघायला सांगायचे.

नामविस्तार झाला त्या वर्षी उन्हाळ्यात काकू आजारी पडल्या. इतक्या वर्षांचं पीठ छातीत बसलं होतं. परभणीच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा आवाज जवळजवळ गेला होता. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मी गेल्यावर त्याला सांग. मठातच नेऊन सांग. नंबर आला म्हणावं." मी म्हणालो, "काकू, आता सोडून द्या की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझाच डबा रांगेला लागल्याचं समजलो.

काकू गेल्या. लिंगायत रीतीने त्यांना बसवून माती दिली. वीरभद्रप्पांनी भजन म्हटलं. उघड्या माळावर, मशीनशिवाय. आवाज थकलेला होता, पण ते मनापासून गायले, हे मला सांगितलं पाहिजे. परतताना त्यांनी माझा हात धरला. "दिगंबर, आता तर सांग. बाई कुटं गायली होती?"

मी त्यांना मठात घेऊन गेलो. दालनात नेलं, त्या जागेवर उभं केलं. "हितं, अप्पा. चुना दिला होता, सगळं रिकामं होतं, बंद होता, त्या दिवशी. नंबर आला म्हणून काकूंनी सांगायला सांगितलंय."

अप्पांनी टाळी वाजवली. टाळी तिथेच मेली. त्यांनी चारी भिंतींकडे पाहिलं, दारापाशी जाऊन पितळी पाटी वाचली, जी त्यांनी स्वतः लावली होती, आणि पहिल्यांदा त्यांना सगळं कळलं. चेहरा लाल झाला. "उतरव," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता पडदे उतरव."

"अप्पा, दान हाय," मी म्हणालो. "आज माती दिलेल्या बाईचं दान. तुमी अध्यक्ष हाव. तुमच्या हातानं उतरवा."

त्यांनी पडदा मुठीत धरला. ओढला नाही. मूठ हळूहळू सुटली. मग त्याच जागी परत जाऊन त्यांनी एक ओळ म्हटली. आवाज तोंडापासून हातभरही पुढे गेला नाही. "पीठ," ते स्वतःशीच म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. सत्तरीचा माणूस, घाम आलेला, काहीतरी ऐकायला थांबलेला.

एखादा बरा शब्द मला बोलता आला असता. पण काकूंनी तेवढं सांगितलं नव्हतं. मी कुलूप हातात घेतलं आणि अप्पा बाहेर यायची वाट बघत दारात उभा राहिलो.