कोरडा पखवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही — बायकोलाही नाही. काल विठूचे तेरावे झाले. ज्याला सांगायला हवे होते, तोच आता ऐकायला नाही. तरी लिहितो.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ठाण्याच्या इंग्रजी शाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो. शहाडला नदीकाठच्या देवळात आम्ही पाचजण हौसेने भजन करायचो. विठू गायचा, मी पखवाज वाजवायचो. आदल्या वर्षीच्या पुराची खालच्या आळीला वेळेवर खबरच लागली नव्हती. म्हणून आम्ही ठरवले — पावसाळ्यात पाळीने नदीवर नजर ठेवायची. पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीला लागले, की पखवाज गळ्यात अडकवून आळीभर वाजवत जायचे. ठेका ऐकला की लोकांनी देवळाच्या टेकाडावर यायचे. दोनदा तालीमही केली. विठूची आई गुडघ्यांनी अधू. पण ठेका कानी पडताच काठी टेकत सगळ्यांआधी निघायची.

त्या श्रावणात मी पखवाजाला नवी पुडी चढवली. नवे कातडे, गोकुळाष्टमीला वाजवायचे! विठू चिडवायचा, "जप रे, तुझ्या नव्या नवरीला पडसं होईल!"

त्या दुपारी पाळी माझी होती. पाणी तिसऱ्या पायरीला लागलेले मी पाहिले. पाऊस कोसळत होता. आणि मी — पखवाज उपरण्यात गुंडाळून देवळात नेऊन ठेवला. एवढी सर ओसरू दे, मग निघू. किती थांबलो? एक अभंग संपेल एवढा वेळ? की दोन? नुसता ओरडत धावलो असतो तरी — तेही केले नाही.

पाणी दारात आले तेव्हा लोक आपणच पळाले. विठू कल्याणच्या बाजारात होता. त्याची आई घरातच राहिली आणि बुडाली. ती ठेक्याची वाट पाहत होती.

माणसे टेकाड चढून येऊ लागली, तेव्हा मी ओंजळभर पाणी पुडीवर ओतले. स्वतःच्या हाताने. म्हणालो, "भिजली. आवाजच फुटेना."

रात्री कल्याणहून परतलेल्या विठूने पाठीवर हात ठेवला. "कातडंच ते. तू काय करणार होतास रे?"

पुढे बुडालेल्या घरांसाठी आम्ही नौपाड्यापर्यंत भजन करत तांदूळ मागितले. मीही वाजवले. लोकांनी माझेही कौतुक केले — आणि मी ते घेतले.

उद्या देवळात नव्या पोरांची तालीम आहे. इशाऱ्याचा ठेका त्यांना मीच शिकवतो. विठूची बहीणही येईल. ठेक्याआधी हा कागद मी सर्वांसमोर वाचणार आहे. मग पखवाज पोरांच्या हाती देईन. भर पावसात, उघड्यावर.

पखवाज कोरडा होता. मी तो वाजवला नाही.