न हरवलेली गाडी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर गाडी ढकलली.

अवसेची सकाळ होती. बायको स्टेरिंगवर, मी मागे. दोन माणसांची बुटकी लाल गाडी, वरचं कापडी छप्पर उंदरांनी कधीच खाल्लेलं. बंगल्याच्या गॅरेजात हातभर पुढे घ्यायची, हातभर मागे आणायची, एवढंच काम. पण त्यातही भांडण झाल्याशिवाय आमचं भागायचं नाही.

"सरळ धर गो. भिंतीला लावशील."

"मी धरलंय सरळ. तुमी जोर हातांत लावा, तोंडात नको."

"गेल्या अवसेला खांबाला कुणी लावली?"

"खांब मधी आला."

मग तिने हातब्रेक ओढला, साडी सावरत उतरली आणि जुन्या लुगड्याच्या फडक्याने गाडी पुसायला घेतली. मी पुढून हँडल घालून इंजिन एक फेरा फिरवलं. त्यानंतर आम्ही पायरीवर बसून चहा प्यायलो. बॉनेटवर पेला ठेवायचा नाही, हा तिचा कायदा. मी एकदा ठेवला होता, तर दोन दिवस बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात तांदूळ निवडता निवडता ती सुपावरच कलंडली. मी मागच्या दारी नारळ सोलत होतो. सूप पडल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, मांजर.

गाडी आमची नव्हती. बंगलाही नव्हता. दोन्ही मुंबईच्या शेठचं. मांडव्याच्या धक्क्यापासून जवळच त्यांची वाडी. तरुण होते तेव्हा तीच गाडी घेऊन वडखळवरून यायचे, केस उडवत. मग त्यांची एक बाजू लुळी पडली. शेवटचे आले ते बोटीने, दोन माणसांच्या खांद्यावर. गॅरेजसमोर खुर्ची मांडून घेतली, गाडीकडे बघितलं आणि मला म्हणाले, "हिला जप." परत काही त्यांना येता आलं नाही.

जप म्हणजे काय करायचं, ते सांगितलं नाही. मला तरी गाडीतलं काय कळणार? माझी शाळा चौथीत सुटली आणि पुढची सगळी वर्षं होडीच्या इंजिनापाशी गेली. तिचा बाप होडीवाला. आम्हाला होडी ठेवायची माहीत, तशी गाडी ठेवली. पावसाळ्यात होडी वर ओढली की नुसती टाकून देत नाहीत. खालचे ओंडके हलवतात, म्हणजे एकाच जागी भार येत नाही. इंजिन हाताने फिरवत राहतात, म्हणजे आत गंज धरत नाही. खाऱ्या वाऱ्याला तेल चोपडतात. आम्ही तेच केलं. म्हणून अवसेला ढकलायची. अवसच का, तर त्या दिवशी तिच्या माहेरी होडी समुद्रात घालत नसत. हातपाय मोकळे असायचे.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ, हळदकुंकू. पहिल्याच दसऱ्याला तिने एक उद्योग केला. गाडीच्या नाकावर कंपनीचा बिल्ला होता, मुलाम्याचा. तिला तो मळका वाटला. तिने घरची तांब्या-पितळेची भांडी घासतात तसा तो चिंच आणि राख लावून घासला. दर वर्षी घासला. मुलामा गेला, अक्षरं गेली, खालचं पितळ वर आलं. मला हाक मारून दाखवते कशी, "बघा! आतून सोन्यासारखी हाय. शेठनी कधी घासलीच न्हाय."

चूक होती. मी आज सांगतो, चूकच होती. पण तिच्यासारख्या बाईला चकचकीत पितळ दिसल्यावर थांब म्हणणारा मी कोण?

ती गेल्यावर महिन्याभराने छोटे शेठ आले. शेठचा मुलगा. एरवी पावसाळ्याआधी कौलं बघायला फोन करणारा माणूस. त्यांच्याबरोबर एक मिस्त्री आणि एक किंमत लावणारे साहेब. जुन्या गाड्यांची किंमत लावायची, हाच त्यांचा धंदा. पांढरे बूट घालून शेणाने सारवलेल्या अंगणात आले आणि बुटांकडे बघतच चालले.

छोटे शेठ म्हणाले, "काका, काकींचं ऐकून वाईट वाटलं हां." आणि त्याच दमात, "चावी कुठे आहे?"

चावी देवघरात असायची. तिनेच ठेवलेली. मी आणून दिली.

मिस्त्री माणूस बरा होता. कमी बोलायचा. प्लग काढले, भोकांतून तेल सोडलं आणि हँडल घातलं. जोर लावायला अंग वळवलं तर हँडल सहज फिरलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"चाचा, ये तो जाम नहीं है."

"कसं होईल? आमी फिरवायचो."

त्याने पेट्रोलची टाकी काढून धुतली, नळ्या बदलल्या, कार्बोरेटर माझ्या ताटात मांडून साफ केला. दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन बॅटरी लावली. गाडी दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. गॅरेजचे पत्रे थरथरले. आंब्यावरचे कावळे उठले. छोटे शेठ टाळ्या वाजवायला लागले.

माझं डोकं फिरलं. आता सुरू झाली. आता! इतकी वर्षं पुसलेल्या गाडीचा आवाज तिने एकदाही ऐकला नाही. दोन महिने आधी आला असतात तर तुमचं काय गेलं असतं? मी आत गेलो आणि रिकामी कळशी जोराने आपटली. कुणाला ऐकू गेलं नाही. गाडी चालू होती.

मग साहेबांनी गाडी तपासली. वाकून, झोपून, टॉर्च मारून. खालचा पत्रा बघून पसंतीची मान हलवली. मग नाकापाशी आले.

"हे कुणी केलं?"

"घासलाय."

"घासलाय? कशाने?"

"चिंचेने."

साहेब छोट्या शेठकडे बघून हसले. छोटे शेठही हसले. त्या हसण्याचा मला राग आला, पण गिळला. म्हटलं, बिल्ला गेला हे खरं.

तिसऱ्या दिवशी एक फोटोवाला आणला. साहेब म्हणाले, "गाडी जरा जास्तच पुसलेली दिसते. गोष्ट तयार होत नाही."

"कसली गोष्ट?"

"गिऱ्हाइकाला गोष्ट लागते, काका. कोकणात एका गोठ्यात गाडी वर्षानुवर्षं बेवारस पडलेली. कुणाला पत्ता नाही. आणि एक दिवस अचानक सापडते. अशा गाडीला भाव येतो."

मला वाटलं, थट्टा करतोय. तेवढ्यात फोटोवाल्याने वाटेवरची लाल माती चाळली. आमच्याच चाळणीने. आणि पसा पसा करून गाडीवर उडवली. बॉनेटवर, काचेवर, तिने खोबरेल चोळून मऊ ठेवलेल्या सीटवर. सुकलेल्या झावळ्या टाकल्या. आमचं फाटकं जाळं खुंटीवरून काढून मागच्या बाजूला पसरलं. मग तो घरात गेला आणि सूप घेऊन आला. तिचं सूप. ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं आणि म्हणाला, "परफेक्ट."

जिने कोंबडीला त्या गाडीवर बसू दिलं नाही, तिचं सूप.

मी ते उचललं. "खाली ठेवा," साहेब म्हणाले. मी ठेवलं नाही.

"सापडली म्हणे! हरवली कधी होती? कुठे गेली होती ही? मी इथंच होतो. ती इथंच होती. बेवारस म्हणायला आमी काय मेलो होतो?"

बोललो आणि जीभ चावली. अर्धं तर खरंच होतं.

छोटे शेठ जवळ आले. "काका, ते फक्त लिहिण्यापुरतं. तुमच्यावर कोण बोलतंय?"

"मग लिहिण्यापुरतंच लिहा की, एका बाईने सांभाळली. नाव नको तिचं. नुसतं लिहा, सांभाळली."

छोट्या शेठनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी चष्मा पुसला. "त्याने काय होतं ना काका, किंमत उतरते. सांभाळली म्हटलं की लोक विचारतात, कुणी, कशाने. मग चिंच निघते."

"निघू दे."

"उद्या पहिल्या बोटीने गिऱ्हाईक येतंय," छोटे शेठ आवाज चढवून म्हणाले. "तोपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. वडिलांनी तुम्हाला ठेवलं, म्हणून मी अजून ठेवलंय. समजलं?"

समजलं. न समजायला मी काही बैल नाही. त्यांचा बंगला, त्यांची गाडी. विकायची तर विकावी, माझी ना नाही. तिने जीव लावला म्हणून गाडी आमची होत नाही, एवढी अक्कल मला आहे. पण तिची इतकी वर्षं पुसून टाकायला यांना मूठभर माती पुरली. आणि मातीसुद्धा आमच्याच वाटेची.

ते सगळे अलिबागला हॉटेलात गेले. मी जेवलो नाही. सूप छातीशी धरून बसलो होतो, असं शेजारीण सांगते. मला आठवत नाही.

सकाळी उठलो. विहिरीवरून पाणी काढलं. झावळ्या चुलीत घातल्या, जाळं खुंटीला लावलं. तिचं लुगड्याचं फडकं गॅरेजच्या खिळ्याला तसंच होतं. आधी काच धुतली, मग बॉनेट, मग दारं. माती सीटच्या शिवणीत गेली होती, ती काथ्याच्या कुंचल्याने काढली. चिंच भिजत घातलीच होती. राख घेतली आणि बिल्ला घासला, ती घासायची तसा, गोल गोल, माझं थोबाड त्यात दिसेपर्यंत.

अवस नव्हती. तरी हातब्रेक सोडला. स्टेरिंगवर कुणी नव्हतं, म्हणून मागे न जाता दाराशी उभा राहिलो. एक हात स्टेरिंगवर, खांदा काचेच्या चौकटीला. गाडी हलेना. शिवी दिली, तेव्हा हलली. उंबऱ्यावरून उतरवून अंगणात आणली, उन्हात.

धक्क्याकडून बोटीचा भोंगा आला. मी फडकं पिळलं, दोरीवर वाळत टाकलं आणि फाटक उघडायला गेलो.