वायसरचं पिसं काढायचं मशीन

नीट चालणारी वस्तू दिसली की माझ्या भावोजींना करमत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी आमचा टेबलफॅन उघडून ठेवला होता. फॅनला काही झालं नव्हतं. "आवाज येतोय," म्हणाले. फॅनचा आवाज येणारच. त्या दिवसापासून आवाजही गेला आणि वाराही.

धंदा वॉशिंग मशीन दुरुस्तीचा. बाजारात त्यांना सगळे वायसर म्हणतात, कारण मशीनला काहीही झालेलं असो, हे आत डोकं घालतात आणि आतूनच सांगतात, "वायसर गेला." कधीकधी तो खरंच गेलेला असतो. मी तोंडावर भावोजी म्हणते आणि पाठीमागे वायसर. मेहुणीला एवढा हक्क असतोच. पण खोटं कशाला बोलू, कपडे धुवायच्या मशीनमध्ये त्यांचा हात धरणारा आमच्या बाजारात कुणी नाही. माणसांशी बोलताना अडखळतात, मशीनशी मात्र तासन्‌तास बोलतात.

त्यांच्या दुकानाला लागून आमचं चिकनचं दुकान. आमचं म्हणजे ताईचं. ताई पिसं काढायची, मी कापायची आणि गिऱ्हाईक सांभाळायची, कारण गिऱ्हाइकाशी गोड बोलणं ताईला कधी जमलं नाही. आमच्याकडे लोकांना कोंबडी कातडीसकट लागते, त्यामुळे सोलून मोकळं होता येत नाही. गरम पाण्यात बुडवायची आणि हातानं उपटायची. हॉटेलवाल्यासाठी तर सकाळपासून टोपल्याच्या टोपल्या. हे करता करता ताईच्या उजव्या हातानं मान टाकली. कुलपात किल्ली फिरेना. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरायला लागली. तिची वेणी मी घालून द्यायला लागले. झोपून उठली की बोटं आत वळलेली असायची, ती डाव्या हातानं एकेक करून सरळ करायची आणि तेवढ्यात कुणी बघितलं तर त्याच्यावरच खेकसायची.

डॉक्टरांनी सांगितलं, उपटणं बंद केलंत तर बोटं सुधारतील, नाही केलंत तर कायमची आखडतील.

"कमी केलं तर?" ताईने विचारलं.

"बंद," डॉक्टर म्हणाले.

दुकानात परतल्याबरोबर ताईने एप्रन बांधला आणि टोपलीपुढे बसली.

तुम्ही म्हणाल, धाकटी बहीण काय करत होती? मी उपटायला बसले होते की. ताईने माझी कोंबडी उलटीपालटी करून पाहिली, राहिलेल्या बारीक पिसांवर बोट ठेवून "हिची दाढी राहिलीय," म्हणाली आणि सगळी पुन्हा उपटली. एक बाई कामाला ठेवली, तीही या दाढीपायीच पळून गेली. ताईच्या हाताखाली कुणी टिकत नाही. मी टिकले, कारण मीही तिच्याइतकीच तोंडाळ आहे.

मग एकदा जेवताना मी सहज बोलून गेले की पिसं काढायचं मशीन हल्ली विकत मिळतं. भावोजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"माझ्या घरात विकतचं मशीन?"

जणू काही मी घरात सवत आणायला सांगत होते.

"एक टब, एक मोटर आणि रबराची बोटं. त्यात आहे काय? आठवड्यात करून देतो."

तो आठवडा वर्षभर चालला. भंगारातल्या वॉशिंग मशीनचा टब घेतला, त्याला चाळणीसारखी भोकं पाडली आणि भोकाभोकातून बोटभर लांबीच्या रबरी पट्ट्या आत काढल्या. तळाला फिरणारी थाळी, तिलाही तशाच पट्ट्या. भिजवलेली कोंबडी आत टाकायची, थाळी फिरली की ती आत उड्या मारणार, रबर तिची पिसं ओढणार आणि वरून सोडलेलं पाणी ती खाली वाहून नेणार. ऐकायला सगळं छान होतं.

पहिल्या पट्ट्या रबरी चपलांच्या. आधी घरातल्या चपला गेल्या, मग घरी येणाऱ्यांच्या. ताईची एक मैत्रीण आमच्याकडून अनवाणी घरी गेली, ती आजतागायत बोलत नाही. इतकं करून पहिली कोंबडी टबातून बाहेर आली ती स्वच्छ न्हाऊन आली होती. पिसं जिथल्या तिथे.

"भावोजी, आता हिला इस्त्री करायची का?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. चपला काढून बागेच्या नळीचे तुकडे लावले. मग ट्रकच्या मडफ्लॅपच्या पट्ट्या. मोटर बदलली, पट्टा बदलला, टब तिरका केला, सरळ केला. आता पिसं निघायला लागली, पण निम्मीच, आणि सोबत तंगड्या मोडायला लागल्या. तंगडी मोडलेली कोंबडी गिऱ्हाइकाला कशी द्यायची? ती आमच्या ताटात यायची. त्या वर्षात मी इतकं चिकन खाल्लं की मला वास नकोसा झाला. आणि हे सगळं होईपर्यंत ताई पलीकडे बसून उपटतच होती.

शेवटी एका सकाळी ताईने आपलं आपण ठरवून टाकलं. समोरच्या शिंप्याला मोठी जागा हवी होती. त्याला तिने सांगितलं, महिना संपला की माझा गाळा घे.

"अगं, होत आलंय," भावोजी म्हणाले.

"माझीही बोटं होत आलीत," ताई म्हणाली.

त्यानंतर या माणसाने लोकांची मशीनं हातात घेणं सोडलं. दुकानाबाहेर बायका कपड्यांच्या नावाने ओरडायच्या आणि हे टबात डोकं घालून बसायचे. खरं सांगते, मला पहिल्यांदाच त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला.

महिना संपत आला होता. दुपारची वेळ. ताईने चाचणीची कोंबडी आत टाकली, भावोजींनी बटण दाबलं आणि पाण्याची नळी धरली. मी पलीकडे कापत होते. त्या मशीनचा आवाज मला पाठ झाला होता: गर्र, मग थांबणं, मग उलटं गर्र, पुन्हा थांबणं. आज ते थांबेचना. एकसारखं फिरत राहिलं आणि खालच्या तोंडातून पिसांचा लोट बाहेर आला.

"बिघडलं," भावोजी ओरडले आणि त्यांनी प्लग उपटला.

ताईने कोंबडी बाहेर काढली. लख्ख. पंखाच्या बगलेत नाही, मानेपाशी नाही, कुठेच एक पीस नाही. ती दारात उजेडाला आली, मीही हात पुसत आले. ताईने ती चार वेळा फिरवून बघितली. दाढी सापडेना. आम्ही दोघी बहिणी खुळ्यासारख्या त्या कोंबडीकडे बघत राहिलो.

आत आलो तेव्हा भावोजी स्क्रू पिळत होते.

"झालं दुरुस्त," ते समाधानाने म्हणाले. "टायमरमध्ये पाणी गेलं होतं."

"दुरुस्त केलंत कशाला?" ताईने विचारलं.

"अगं, एकाच बाजूला फिरत होतं."

"मग फिरू द्यायचं."

"तो बिघाड आहे."

झालं होतं ते असं. कपडे धुवायचं मशीन एकदा उजवीकडे फिरतं, थांबतं, मग डावीकडे फिरतं. एकाच बाजूला फिरायला लागलं की लोक वायसरकडे धाव घेतात. हा रोग बरा करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे पिसांच्या मशीनलाही त्यांनी धुण्याचाच टायमर बसवला, आणि वर्षभर सगळं बदललं, पण टायमरला हात लावला नाही, कारण तेवढा एकच भाग चांगला चालत होता. थाळी थांबली की कोंबडी रबरात रुतायची आणि उलटी फिरली की तंगडी जायची.

"तर मग परत बिघडवा," ताई म्हणाली.

भावोजींनी प्रयत्न केला. त्यांनी चमच्याने टायमरमध्ये पाणी सोडलं. मशीन उजवीकडे फिरलं, थांबलं, डावीकडे फिरलं. दुरुस्ती इतकी पक्की झाली होती की पाण्याला दाद देईना. मला हसू आवरेना. मग ताईकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती. डाव्या हातात ती कोंबडी होती आणि उजवा हात तिने काखेत दाबून धरला होता.

"उद्या शिंपी येणार आहे," ती म्हणाली. "गाळ्याची मापं घ्यायला."

माझं डोकंच फिरलं. "भावोजी, तो टायमर काढून फेका," मी ओरडले. "मोटरला वायर थेट जोडा. बिघडलेलंच मशीन हवंय आम्हाला, ऐकलंत? आयुष्यात एक वस्तू बिघडलेली राहू द्या."

भावोजी खाली बसले आणि एकेक स्क्रू सोडवायला लागले. टायमर काढून त्यांनी कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि वायर थेट जोडली. ताईने दुसरी कोंबडी टाकली. मशीन एकाच बाजूला फिरत राहिलं, भावोजी कान झाकून उभे राहिले, आणि चहाला उकळी येईल एवढ्या वेळात कोंबडी बोडकी होऊन बाहेर आली. मग दोन-दोन टाकल्या. दुसऱ्या दिवशी शिंपी टेप घेऊन आला, त्याला ताईने अर्धा किलो चिकन देऊन परत पाठवलं. भावोजींना मात्र ती बरं म्हणून एक शब्द बोलली नाही.

हॉटेलवाला अधूनमधून मशीन बघायला यायचा. यंदा थंडी सरता सरता असाच आला होता. भावोजी रंगात आले. "एकाच दिशेने फिरलं पाहिजे," त्याला सांगत होते. "लोकांना कळत नाही. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

ताई मागे गल्ल्यापाशी बसली होती. ती उठली, शांतपणे चालत आली आणि हॉटेलवाल्यादेखत तिने वायसरचा कान धरून पिळला.

"आई गं," भावोजी कळवळले. "दुखतंय." मी खो खो हसले. हॉटेलवाल्याने तोंड फिरवलं. मग भावोजींनी डोळे तिरके करून कान धरलेल्या हाताकडे बघितलं. मान तशीच वाकडी, कान ताईच्या उजव्या हातात, अंगठा आणि बोट घट्ट मिटलेलं.

"अगं, खरंच दुखतंय," ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आणखी जोरात पीळ बघू."